चोवीस अर्ज, एक फोन: हंगामी दुकानकाम शोधण्याचं एक प्रकरण

अभ्यासासाठी मांडलेलं हे प्रकरण एका उमेदवाराचं आहे. वय १९, कॉलेजचं दुसरं वर्ष, दुकानात काम केल्याचा अनुभव शून्य. खरेदीची ऐन गर्दी सात आठवड्यांवर असताना तिने काम शोधायला सुरुवात केली. नऊ दिवसांत चोवीस ठिकाणी अर्ज केले, त्यातले सतरा ऑनलाइन आणि सात हातोहात. त्यानंतरच्या पाच दिवसांत एकच फोन आला आणि तोही अनोळखी नंबर म्हणून तिने उचलला नाही. दुसऱ्या दिवशी उलट फोन केला तेव्हा जागा भरलेली होती.

दुसऱ्या फेरीत ती पंधराच दुकानांत गेली आणि बाराव्या दिवशी कामावर रुजू झाली. मधल्या काळात तिचं शिक्षण वाढलं नाही, अनुभव वाढला नाही, कुणाची ओळखही निघाली नाही. मॅनेजर माणूस शोधतो तेव्हा त्याच्या समोर कोणता कागद असतो, एवढं तिला उमगलं आणि तिने आपला अर्ज त्या कागदाप्रमाणे लिहिला. इथले आकडे या एका प्रकरणापुरते आहेत, त्यावरून सगळ्यांचा हिशोब मांडू नये.

आधी दुकानाच्या बाजूचं गणित

हंगामी भरती तासांवरून ठरते. साखळी दुकानांत मुख्य कार्यालय अपेक्षित विक्रीच्या ठरावीक टक्क्यात पगाराचा खर्च बसवतं आणि स्टोअर मॅनेजरला प्रत्येक आठवड्याचा तासांचा आकडा कळवतं. समजा, एका मध्यम दुकानात बारा कायम कर्मचारी आहेत आणि प्रत्येक जण आठवड्याला ४० तास भरतो. झाले ४८० तास. ऐन गर्दीच्या आठवड्यासाठी ६४० तास मंजूर झाले आहेत. तूट १६० तासांची.

बाहेरून पाहणारा म्हणेल, चार पूर्णवेळ माणसं घ्या, काम झालं. पण ही तूट दिवसभर सारखी नसते. सकाळी दुकान उघडल्यावर पहिले दोन-तीन तास कायम माणसांवर भागतं. हात कमी पडतात ते संध्याकाळी, शनिवार-रविवारी, माल उतरतो त्या पहाटे, आणि शटर खाली आल्यानंतर विस्कटलेला माल पुन्हा लावताना. चार पूर्णवेळ माणसं घेतली तर त्यांचे बरेचसे तास रिकाम्या दुकानात उभं राहण्यात जातात आणि संध्याकाळी हात कमीच पडतात. म्हणून मॅनेजर १६० तासांच्या पाच-पाच तासांच्या ३२ शिफ्ट पाडतो आणि आठवड्याला चार शिफ्ट करणारी आठ माणसं शोधतो. वर एखाद-दुसरं जास्तच घेतो, कारण गळती होणार हे त्याला अनुभवाने ठाऊक असतं.

आता अर्ज त्याच्या हातात पडतो तो क्षण डोळ्यांसमोर आणा. टेबलावर रोस्टर, म्हणजे कोण कोणत्या शिफ्टला आहे याचा तक्ता, उघडं आहे. शनिवारी दुपारी चार ते नऊच्या रकान्यात दोन चौकोन रिकामे आहेत, रविवारी तीन. हातातल्या कागदावरचं माणूस त्या चौकोनात बसतं का, हे तो आधी बघतो. शिक्षण, बोलणं, टापटीप यांचा नंबर त्यानंतर लागतो.

पहिल्या फेरीत काय चुकलं

उमेदवाराला वाटलं, उशीर झाला. बहुतेकांना हेच वाटतं, आणि या प्रकरणात ते फारसं खरं नव्हतं. मोठ्या साखळ्यांचे फॉर्म हंगामाच्या दोन-तीन महिने आधी उघडतात, त्यांच्या हिशोबाने उशीर झाला होता. पण एकट्या मालकाची दुकानं, मॉलमधले तात्पुरते स्टॉल आणि मधल्या आकाराची दुकानं बरीच उशिरा, गर्दी महिना-दीड महिन्यावर आली की माणसं घेतात. सात आठवडे हातात असणं म्हणजे चांगली वेळ होती.

सगळ्यात महागात पडली ती एक ओळ: ‘कोणत्याही वेळी काम करण्यास तयार’. बायोडेटाच्या डोक्यावर ही ओळ, आणि खाली कॉलेज चालू असल्याची नोंद. ऑनलाइन फॉर्ममध्ये प्रत्येक वारासमोर सकाळ, दुपार, संध्याकाळ असे चौकोन होते. संधी वाढेल म्हणून तिने सतराही फॉर्ममध्ये सगळ्या चौकोनांवर टिक केली. काही फॉर्ममध्ये पुढच्या पानावर वर्गांच्या वेळा विचारल्या होत्या, तिथे मात्र खरं लिहिलं: सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी आठ ते बारा. झालं, अर्ज स्वतःशीच भांडू लागला. मॅनेजरच्या नजरेत असा अर्ज म्हणजे आयत्या वेळी ‘आज येता येणार नाही’ असा मेसेज करणारं माणूस. आणि ज्याला खरंच कॉलेज नाही, घरची अडचण नाही, त्यानेही ही ओळ टाळावी. ‘कधीही’ या शब्दावरून कुठलाच चौकोन भरता येत नाही.

दुसरी चूक जागांच्या निवडीची. चोवीसच्या चोवीस अर्ज विक्रीच्या फ्लोअरसाठी होते: चौदा कपड्यांची दुकानं, सहा मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्सची, चार सौंदर्यप्रसाधनांची. नवखा माणूस पहिल्यांदा इकडेच वळतो, त्यामुळे गर्दीही इथेच. शिवाय मोबाइल किंवा सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवर एखाद्या ब्रँडचा टी-शर्ट घालून उभा असलेला माणूस बऱ्याचदा त्या दुकानाच्या रोस्टरवर नसतोच. त्याला तो ब्रँड किंवा ब्रँडची एजन्सी पाठवते आणि पगारही तीच देते. अशा जागेचा अर्ज दुकानात देऊन उपयोग नाही, तो ब्रँडकडेच जायला हवा. तिचे सहा-सात अर्ज नुसते या गैरसमजापायी वाया गेले. दुकानातली बाकीची कामं तिच्या डोक्यातही आली नव्हती. गाडीतून माल उतरवणं, रात्री शेल्फ भरणं, ट्रायल रूमच्या तोंडाशी उभं राहणं, एक्स्चेंज काउंटर, भेटवस्तू कागदात बांधणं, ऑनलाइन ऑर्डरचा माल उचलून पिशव्या भरणं, साठा मोजणं. या कामांना अर्ज कमी येतात आणि हंगामात तास भरपूर असतात.

हातोहात दिलेल्या सात अर्जांचं काय झालं, ते वेळेवरूनच कळतं. ती गेली शनिवारी संध्याकाळी सहाला. काउंटरवर रांग, कॅशिअरने कागद घेतला, बिलांच्या गठ्ठ्याखाली सरकवला आणि ‘कळवू’ म्हटलं. सातपैकी एकही कागद रोस्टर लावणाऱ्या माणसापर्यंत पोहोचल्याची खूण नाही.

राहिला फोन. स्टोअर मॅनेजर दोन ग्राहकांच्या मधल्या फटीत फोन करतो, अनेकदा स्वतःच्या मोबाइलवरून. यादीत पाच-सहा नावं असतात. पहिल्याने उचलला नाही तर तो थांबत नाही, पुढचं नाव लावतो. अर्ज केल्यानंतरचे दोन आठवडे अनोळखी नंबर उचलायचाच, आणि चुकला तर तासाभरात उलट फोन करायचा. ईमेलचीही तीच गोष्ट. सतरा ऑनलाइन अर्जांपैकी तीन ठिकाणांहून छोट्या चाचणीची लिंक आली होती आणि ती स्पॅममध्ये पडून होती. तिने उघडली तेव्हा दोन लिंकची मुदत संपलेली होती.

दुसरी फेरी: यादी, कागद, वेळ

या वेळी यादी नकाशावरून केली. घरापासून जाता येईल अशी बावीस दुकानं निघाली. प्रत्येकापुढे तिने जाण्या-येण्याचा खर्च पैशात न लिहिता कामाच्या मिनिटांत लिहिला. चार तासांची शिफ्ट आणि प्रवासात पाऊण तासाची मजुरी जात असेल तर हातात सव्वातीन तासांचीच राहते. शिफ्टच्या मजुरीचा पाचवा हिस्सा प्रवासात जाणार असेल तर ते दुकान बाद. दुसरी अट शेवटच्या गाडीची. नऊला बंद होणाऱ्या दुकानातून माणूस नऊला सुटत नाही. आवराआवर, कॅश मोजणी, बॅग तपासणी यात अर्धा-पाऊण तास जातो आणि हंगामात त्याहूनही जास्त. नवख्यांच्या वाट्याला हीच बंद होण्याची शिफ्ट जास्त येते, त्यामुळे परतीची सोय आधी पाहायला हवी. सात दुकानं या दोन अटींत गळाली, उरली पंधरा.

बायोडेटा एका पानाचा केला आणि नावाच्या लगेच खाली हा चौकोन टाकला:

उपलब्धता: अमुक तारखेपासून आठ आठवडे, मधे रजा नको
सोम, बुध, शुक्र: दुपारी १ पासून दुकान आवरून होईपर्यंत
मंगळ, गुरु: सकाळी ७ ते रात्री १०
शनि, रवि: पूर्ण दिवस
येता येणार नाही: सोम, बुध, शुक्र सकाळी (वर्ग)
आठवड्याला २० ते ३० तास

‘येता येणार नाही’ ही ओळ लिहायला तिचा हात धजत नव्हता. पण याच ओळीमुळे वरच्या चार ओळींवर विश्वास बसतो. जिने अडचण आधीच सांगितली, ती ऐनवेळी सांगणार नाही, असं मॅनेजर धरून चालतो.

अनुभवाचा भागही नव्याने लिहिला. आधी तिथे ‘अनुभव: नाही’ होतं. आता दोन ओळी आल्या. कॉलेजच्या कार्यक्रमात दोन दिवस तिकीट विक्री, दोन्ही दिवशी रोख हिशोब जुळला. ग्रंथालयात वर्षभर आठवड्याला सहा तास पुस्तकं क्रमाने लावण्याचं काम. दुकानाला नवख्याबद्दल नेमक्या याच दोन शंका असतात: पैसे हाताळता येतात का, आणि ठरलेल्या क्रमाने वस्तू जागेवर ठेवता येतात का. ध्येय, छंद, घरच्यांची माहिती काढून टाकली. ओळखपत्राचा क्रमांकही काढला. नेमणूक ठरल्याशिवाय तो कुणालाच द्यायचं कारण नाही, आणि काउंटरवर पडून राहणाऱ्या कागदावर तर नाहीच.

जायची वेळ ठरवली मंगळवार ते गुरुवार, सकाळी साडेदहा ते साडेअकरा किंवा दुपारी अडीच ते साडेतीन. दारात मालाची गाडी उभी दिसली किंवा आत वाटेत खोके पसरलेले दिसले, तर त्या दुकानात त्या दिवशी शिरायचं नाही. आत गेल्यावर पहिला प्रश्न ‘काम आहे का’ हा नव्हता, कारण त्याला काउंटरवरचा कुणीही ‘नाही’ म्हणू शकतो. तिने विचारलं, “हंगामाचं रोस्टर इथे कोण लावतं? त्यांच्याशी एक मिनिट बोलायचं होतं.” आणि ती व्यक्ती भेटली की, “मी आठ आठवडे मोकळी आहे. शनिवार-रविवार पूर्ण दिवस आणि रोज संध्याकाळी बंद होईपर्यंत येऊ शकते. स्टॉकरूम, ट्रायल रूम, एक्स्चेंज, कुठेही चालेल. आत्ता जागा नसेल तर कुणी सोडून गेल्यावर मला फोन करा, मी दुसऱ्या दिवशी रुजू होईन.”

पंधरा दुकानांत हे असं झालं: पाच ठिकाणी सांगितलं की अर्ज ऑनलाइनच घेतो, तीन ठिकाणी मॅनेजर नव्हते, तीन ठिकाणी नीट बोलणं झालं, आणि चार ठिकाणी भरती पूर्ण झाल्याचं कळलं. ऑनलाइन म्हणणाऱ्यांकडून तिने जागेचा क्रमांक विचारून घेतला आणि त्याच संध्याकाळी फॉर्म भरला. यादीतल्या प्रत्येक दुकानापुढे तारीख, भेटलेल्या व्यक्तीचं नाव आणि पुन्हा कधी विचारायचं ते लिहिलं.

काम मिळालं ते या शेवटच्या चारांपैकी एका दुकानात. सहाव्या दिवशी तिने सगळीकडे एकेक फोन केला, ‘भरती पूर्ण’ म्हणणाऱ्यांनाही. त्या दुकानात नऊ जणांची तुकडी प्रशिक्षणाला घेतली होती आणि दुसऱ्या दिवशी दोघं आलेच नव्हते. मॅनेजरने दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं. ही गळती जवळपास ठरलेली असते. कुणाला दुसरीकडे जास्त तास मिळतात, कुणाला पहिल्याच दिवशी पाच तास उभं राहणं झेपत नाही, कुणाची परीक्षा मधे येते. तुकडी रुजू झाल्यापासूनचे पहिले आठ-दहा दिवस उशिरा आलेल्या उमेदवारासाठी फार मोलाचे असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत बहुतेक जण ‘आता काही होणार नाही’ म्हणून शोध सोडून देतात. त्याचं वाईट वाटतं, कारण जागा तिथेच असते.

मधे भेटलेली एजन्सी

चौथ्या दिवशी एका एजन्सीचा मेसेज आला: हमखास काम, नोंदणी शुल्क आजच भरा, गणवेशाची अनामत वेगळी, मूळ प्रमाणपत्रं घेऊन या. कोणत्या दुकानात काम, ते सांगायला तयार नाहीत. तिने पैसे भरले नाहीत आणि ते योग्यच झालं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ सालच्या १८१ क्रमांकाच्या कराराचं सातवं कलम सांगतं की खासगी रोजगार एजन्सीने कामगाराकडून थेट किंवा आडमार्गाने, पूर्ण किंवा अंशतः, कोणतंही शुल्क वा खर्च घेऊ नये. त्याला मर्यादित अपवाद ठेवता येतात आणि सगळ्याच देशांनी तो करार स्वीकारलेला नाही, तेव्हा आपल्या देशाचा कायदा पाहावा. पण कसोटी म्हणून हे कलम चोख आहे. सरळ चालणारी एजन्सी आपला मोबदला दुकानाकडून घेते. पैसे आधी, दुकानाचं नाव नंतर, आणि मूळ कागदपत्रं ताब्यात, ही तिन्ही एकत्र दिसली की तिथून उठावं. ‘आठवडाभर बिनपगारी प्रशिक्षण’ हीही तशीच खूण.

मुलाखत आणि दोन तासांची चाचणी

मुलाखत पंधरा मिनिटांची झाली. पहिला प्रश्न अपेक्षित तोच: हंगामातल्या सगळ्यात गर्दीच्या शनिवार-रविवारी येणार का? इथे ‘बहुतेक’ म्हटलं की विषय संपतो. दुसरा प्रश्न, ग्राहक आवाज चढवून बोलू लागला तर काय कराल. नवखे इथे ‘मी शांत राहीन’ म्हणून थांबतात. मॅनेजरला पुढची पायरी ऐकायची असते: ऐकून घेईन, बिल मागेन, माझ्या अधिकारातलं असेल ते करीन, नसेल तर त्यांना रांगेतून बाजूला घेऊन सीनियरला बोलावीन आणि तोवर त्यांना एकटं सोडणार नाही. तिसरा प्रश्न, एखाद्या मित्राने तुमच्या सवलतीत खरेदी करू द्या म्हटलं तर? उत्तर एकच: नाही, आणि ओळखीच्या माणसाचं बिल मी करणारही नाही, दुसऱ्या काउंटरला पाठवीन. कर्मचारी सवलतीचा गैरवापर आणि घरच्यांची बिलं यावरून हंगामी माणसाला त्याच दिवशी घरी पाठवलं जातं, हेतू चांगला होता का हे कुणी विचारत बसत नाही.

तिने स्वतःहून दोन प्रश्न विचारले: चाचणीच्या वेळेचा पगार मिळतो का, आणि हंगामानंतर एक्स्चेंज व साठा मोजणीसाठी माणसं ठेवता का. पहिला विचारायला संकोच वाटतो, पण चाचणीत खरं काम करून घेणार असतील तर तो रास्त आहे. इथे दोन तासांचे पैसे मिळाले.

चाचणीत एक टेबल दिलं, शर्टांचा ढीग. काम: फोल्डिंग बोर्डवर घडी घालायची, लहान माप वर, मोठं खाली, बटणं एका रेषेत, टॅग आत. वेगाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पाहत होते ते हे, की ग्राहक येऊन मधूनच एक शर्ट ओढतो तेव्हा ही आधी मान वर करून बोलते की घडीच घालत बसते. बोललं पाहिजे, घडी थांबू शकते.

मग बिलिंगला एक चुरगळलेला टॅग आला, स्कॅनर वाचेना. अशा वेळी बारकोडखालचे तेरा अंक हाताने टाकायचे असतात. चुकेल या भीतीने नवखा माणूस गांगरतो, पण हा क्रमांक स्वतःची चूक बऱ्यापैकी स्वतः पकडतो. पहिल्या बारा अंकांत विषम स्थानांचे अंक जसेच्या तसे आणि सम स्थानांचे तिप्पट धरून बेरीज केली, की ती पुढच्या पूर्ण दहाला पोहोचवणारा अंक तेराव्या जागी असतो. बेरीज आधीच पूर्ण दहात असेल तर तिथे शून्य येतं. उदाहरणार्थ २००००००१२३४५५: विषम स्थानांची बेरीज ८, सम स्थानांची ९ गुणिले ३ म्हणजे २७, एकूण ३५, म्हणून शेवटी ५. एक अंक चुकला तर मशीन क्रमांक घेतच नाही. शेजारचे दोन अंक उलटे पडले तरी बहुतेकदा घेत नाही, मात्र त्यांच्यात पाचाचा फरक असेल, जसं १ आणि ६, तर ती चूक निसटते. म्हणून हाताने क्रमांक टाकल्यावर पडद्यावरचं नाव आणि माप वस्तूशी ताडून मगच पुढे जायचं. तिने ते केलं. एवढं गणित तिला माहीत नव्हतं, पण पडद्याकडे पाहायची सवय होती.

सही करण्याआधी

कागदावर पाहायच्या गोष्टी: नेमणुकीची शेवटची तारीख, तासाचा दर, सुट्टीच्या दिवशीचा दर, पगाराची तारीख, मधल्या विश्रांतीचे पैसे कापले जातात का, गणवेशाचा खर्च कुणाचा, कॅश कमी भरली तर काय, आणि आठवड्याला किमान किती तासांची हमी. या प्रकरणात मॅनेजर तोंडी म्हणाले होते ‘वीस तास’, कागदावर मात्र किमान आठ तास होते. दोन्ही खरं होतं. वीस ही सरासरी होती, आठ ही हमी. ती तोंडी आकड्यावर महिन्याचा खर्च बांधणार होती, कागद वाचल्यामुळे तो बेत बदलला.

मर्यादा कुठे असतात याचा अंदाज असावा म्हणून आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे करार इथेही कामाला येतात. व्यापार आणि कार्यालयांसाठीचा १९३० सालचा करार क्रमांक ३० दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ही मूळ मर्यादा घालतो, काही अपवादांसह. १९५७ चा करार क्रमांक १०६ दर सात दिवसांत सलग किमान २४ तासांची सुट्टी सांगतो. वेतन संरक्षणाचा १९४९ चा करार क्रमांक ९५ म्हणतो की पगारातून कपात कायद्याने किंवा सामूहिक करार वा लवादाच्या निवाड्याने ठरवलेल्या अटींनुसारच व्हावी. प्रत्यक्षात बजावणी आपापल्या देशाच्या कायद्याने होते, तेव्हा कामगार कार्यालयाचं पान एकदा वाचून ठेवावं.

आठ आठवड्यांचे तास

मिळालेले तास आठवड्यागणिक असे होते: १६, २२, २९, ३१, २४, १८, ११, ९. बेरीज १६०, सरासरी बरोबर २०. चौथा आठवडा ऐन गर्दीचा, पाचवा एक्स्चेंजचा, त्यानंतर सेल आणि साठा मोजणी. पहिल्या महिन्याच्या पगारावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणारे इथेच फसतात: पहिले चार आठवडे ९८ तास, पुढचे चार ६२.

या काळात दोनच गोष्टी खटकल्या. तिसऱ्या आठवड्यात तिने एका सहकाऱ्याशी तोंडी शिफ्ट बदलली, तो आला नाही आणि रोस्टरवर नाव तिचं असल्याने गैरहजेरी तिच्या नावावर लागली. शिफ्ट बदलायची तर रोस्टरवर नाव बदलून घ्यायचं किंवा मॅनेजरचा लेखी होकार घ्यायचा. दुसरी गोष्ट कॅशची. एकदा ड्रॉवर थोडा कमी भरला, कारण सुरुवातीची सुट्टी नाणी-नोटांची रक्कम न मोजताच तिने सही केली होती. तेव्हापासून आधी मोजणी, मग सही. ग्राहकाची मोठी नोट उरलेले पैसे परत देईपर्यंत ड्रॉवरच्या वर, समोर दिसेल अशी. आणि स्वतःचा लॉगिन चालू ठेवून पाणी प्यायलाही जायचं नाही, कारण त्या दोन मिनिटांत दुसऱ्याने केलेलं बिलही तुमच्याच नावावर चढतं.

माल उतरवायच्या शिफ्टबद्दल एक सावधगिरी. कामाच्या जागेवरच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या निऑश (NIOSH) संस्थेच्या वजन उचलण्याच्या सूत्रात सगळ्या गोष्टी अनुकूल असतानाची कमाल मर्यादा २३ किलो आहे. खोका जमिनीवरून, अंग वळवून किंवा शरीरापासून लांब धरून उचलायचा असेल तर ती बरीच खाली येते. खोक्यावर बऱ्याचदा वजन छापलेलं असतं, ते वाचून दुसऱ्याला हाक मारावी. हंगामी माणूस पाठ धरून घरी बसला की त्याचे तासही गेले.

शेवटचा पगार

पहिल्या दिवसापासून तिने वहीत रोजची येण्या-जाण्याची वेळ लिहिली होती, हजेरी मशीनवर होत असली तरी. शेवटच्या आठवड्यात दोनच शिफ्ट होत्या: एक चार तासांची, दुसरी साठा मोजणीची, रात्री नऊ ते दोन. वहीत झाले नऊ तास, पगाराच्या चिठ्ठीत आले सात. मशीन मध्यरात्री तारीख बदलतं आणि बाराच्या आधी सुरू झालेली शिफ्ट बारालाच तोडतं. पुढचे दोन तास ‘आत आल्याची नोंद नाही’ म्हणून गळाले होते. रात्री मोजणीला थांबलेल्या प्रत्येकाच्या बाबतीत हे झालं असणार.

तिने मॅनेजरला एकच छोटा मेल लिहिला: तारीख, आलेली वेळ, गेलेली वेळ, त्या रात्री मोजणीच्या तक्त्यावर सही करणाऱ्या सुपरवायझरचं नाव, आणि चिठ्ठीचा फोटो. त्याच मेलमध्ये कामाचा कालावधी आणि केलेली कामं लिहिलेलं पत्र मागितलं, आणि पुढच्या हंगामाचा फॉर्म कधी उघडतो तेही विचारलं. पत्र दोन दिवसांत मिळालं. फॉर्म उघडण्याचा आठवडा मॅनेजरने लिहून पाठवला, तो तिने वहीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवला. राहिलेले दोन तास पुढच्या पगाराच्या तारखेला जमा झाले.